दिव्याखालची खुर्ची: एका जोडप्याचा प्रकरण अभ्यास

अपॉइंटमेंट तिने घेतली होती. येण्याचं कारण विचारणाऱ्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'बोलणं कमी झालंय, जवळीक तर जवळजवळ नाहीच.' त्याच्या फॉर्मवर दोनच शब्द होते: 'कामाचा ताण'.

वाचण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. हे एकाच घरातलं प्रकरण नाही. जोडप्यांच्या समुपदेशनात वारंवार दिसणारे धागे एकत्र विणून ते उभं केलं आहे, म्हणून यातल्या दोघांना नावं दिलेली नाहीत. तो ३४ वर्षांचा, ती ३१ वर्षांची. लग्नाला पाच वर्षं झालेली, दोघंही नोकरी करणारे.

पहिली भेट तिच्या तक्रारीतच गेली, आणि ते योग्यही होतं. ती म्हणाली, "हा माझ्याकडे बघतच नाही. मी केस वेगळे कापून घेतले, वजन कमी केलं, कपडे बदलले. काही फरक नाही. फोन उलटा ठेवतो. त्यात एक लॉक केलेलं फोल्डर आहे. शेवटी सरळ विचारलं, दुसरी कुणी आहे का? तर हसला." हे बोलताना तिचा आवाज चढला नाही. म्हणजे घरी तो चढून, थकून खाली बसलेला होता. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत टोपी घालून बसला होता. बाकीच्या दोन खुर्च्या छतावरच्या दिव्याच्या बरोबर खाली होत्या. मी ते टिपून ठेवलं, विचारलं मात्र नाही. पहिल्याच भेटीत, तेही जोडीदारासमोर, दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं की दुसरी भेट बहुधा होत नाही.

दुसऱ्यांदा तो एकटा आला तेव्हा खरं कारण बाहेर आलं, आणि तेही आडवळणाने. झोपेबद्दल विचारलं तर म्हणाला, पहाटे जाग येते. जाग आल्यावर काय करता? थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "उशीवरचे केस मोजतो."

मग त्याने टोपी काढली. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केसांची रेषा मागे गेलेली आणि टाळूवर विरळ झालेली. पुरुषांमधल्या अशा केसगळतीसाठी डॉक्टर हॅमिल्टन-नॉरवूड ही सात टप्प्यांची मोजपट्टी वापरतात. त्यावर तो मधल्या टप्प्यांत बसला असता. बघणाऱ्याला कळेल इतकं, पण त्यावर कुणी बोलत बसेल इतकं नाही. वयाच्या पन्नाशीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांमध्ये अशी गळती कमीअधिक प्रमाणात दिसते, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. माहिती कमी पडल्यामुळे तो अडकला नव्हता.

कॉलेजात त्याची ओळखच दाट केसांमुळे होती. अभ्यासात मधला, खेळात मधला, बोलायला बुजरा. पण केसांचं कौतुक सगळे करायचे. जी एकच गोष्ट आपल्याला जमून आली आहे असं वाटतं, तीच हातातून निसटायला लागली की माणूस केवळ केस गमावत नाही, हे त्याच्या बाबतीत नीट समजून घ्यायला हवं होतं. सत्ताविसाव्या वर्षी ऑफिसमध्ये तो दिव्याखाली उभा राहून काहीतरी समजावून सांगत असताना एक वरिष्ठ म्हणाले, "आता तुझ्याही डोक्यावर प्रकाश पडायला लागला!" सगळे हसले, तोही हसला. त्या दिवसापासून कुठल्याही खोलीत शिरल्यावर तो आधी छताकडे बघायला लागला.

पुढची सात वर्षं त्याने जे केलं ते बाहेरून फारसं दिसत नव्हतं. सकाळी उशी, अंघोळीनंतर जाळीवरचे केस, मग फोन डोक्यावर धरून फ्लॅश टाकून एकाच कोनातून फोटो. ते फोटो त्या लॉक केलेल्या फोल्डरमध्ये. लिफ्टच्या आरशात, गाडीच्या काचेत, दुकानाच्या दारात एक चोरटी नजर. व्हिडिओ कॉलवर समोरच्याच्या चेहऱ्यापेक्षा स्वतःची छोटी चौकटच जास्त बघायची. पाऊस, वारा, पोहणं, झोपाळा, मुलांना डोक्यावर बसवणं हे सगळं टाळायचं. त्वचारोगतज्ज्ञांनी मिनॉक्सिडिल लावायला दिलं होतं, ते त्याने दोनदा सुरू करून दोनदा सोडलं. हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळू शकतात, आणि परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात. रोज केस मोजणारा माणूस तेवढा काळ कसा तग धरणार? दिवसाला ५० ते १०० केस गळणं सर्वसामान्य असतं, हेही मोजणाऱ्याच्या कामाचं नाही. त्याला आकडा हवा नसतो, सुटका हवी असते.

तपासण्यातली गोम अशी की उत्तर दर वेळी वेगळं येतं. ओले केस चिकटून टाळू दाखवतात, वाळले की झाकतात, वरून पडणारा उजेड सगळं उघडं पाडतो, खिडकीतला उजेड दयाळू असतो. सकाळी 'ठीक आहे' असं उत्तर मिळालं तरी ते दुपारच्या आरशापर्यंतच टिकतं. त्यामुळे प्रत्येक तपासणी पुढच्या तपासणीची गरज तयार करते.

विचारांची नोंद ठेवायला सांगितल्यावर त्याने ती फार व्यवस्थित ठेवली. एक नोंद अशी: 'लिफ्टमध्ये शेजारच्याची नजर माझ्या कपाळावर गेली. त्याला वाटलं असेल, हा म्हातारा दिसायला लागला.' दुसरी: 'मैत्रिणीबरोबर फोटो काढताना बायकोने मला बोलावलं नाही. तिला माझी लाज वाटते.' दुसऱ्या नोंदीवर विचारलं, की याआधी तिने बोलावलं तेव्हा काय झालं होतं? त्याने आठवून सांगितलं, की वर्षभर तो प्रत्येक फोटोला नाही म्हणत होता. म्हणजे तिने त्याचं ऐकलं होतं, आणि ऐकणंच पुरावा म्हणून नोंदलं गेलं होतं.

मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्यातल्या रुग्णांच्या आपोआप येणाऱ्या विचारांवर काम सुरू केलं. तेव्हापासून विचारांतल्या चुकांची यादी सर्वत्र झाली आहे: दुसऱ्याच्या मनातलं वाचल्याचा भास, नको तेवढंच टिपणं, सगळं किंवा काहीच नाही. ती यादी उपयोगी आहे, पण मला तिच्याबद्दल थोडी शंका आहे. या माणसाने आठवडाभरात स्वतःच्या प्रत्येक विचाराला बरोबर नाव दिलं आणि केस मात्र तसेच मोजत राहिला. नाव देणं ही हुशारी झाली. त्याची अडचण हुशारीच्या पलीकडे होती: समोरच्याच्या नजरेतून जे 'दिसत' होतं, ते त्याला अंदाज वाटतच नव्हतं, ते त्याला डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटत होतं.

इथे मी त्याला १९८०चा एक प्रयोग सांगितला. रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा या मानसशास्त्रज्ञांनी सहभागी व्यक्तींच्या चेहऱ्यावर मेकअपने एक मोठा व्रण रंगवला आणि आरशात दाखवला. मग व्रण सुकू नये म्हणून क्रीम लावतो असं सांगून, त्यांच्या नकळत तो पुसून टाकला. आता चेहरा स्वच्छ, पण व्रण आहे अशी खात्री. अशा अवस्थेत त्यांना एका अनोळखी माणसाशी बोलायला बसवलं. नंतर त्यांनी सांगितलं, की समोरचा अवघडला होता, त्याच्या वागण्यावर व्रणाचा परिणाम झाला. तुलनेसाठी दुसरा एक गट होता. त्यातल्यांना व्रणाऐवजी, आपल्याला अ‍ॅलर्जी असल्याचं समोरच्याला सांगितलं आहे असं वाटत होतं, आणि त्यांना असं काही जाणवलं नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण माझं टक्कल तर खरं आहे." आक्षेप बरोबर होता. त्याचं टक्कल पुसलेलं नव्हतं. पण प्रयोगातल्या लोकांना समोरच्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्यासाठी व्रणाची गरजच पडली नाही, खात्री पुरली. टक्कल खरं असलं म्हणून लिफ्टमधल्या माणसाचं मत खरं ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करणं हेच पुढच्या कामाचं सूत्र ठरलं: तो कसा दिसतो या विषयावर आम्ही वाद घालणार नव्हतो, त्याच्या बाजूनेही नाही.

निदानाचा प्रश्न बाजूला ठेवून चालणार नव्हतं. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे दिसण्यातल्या दोषाच्या विचाराने माणूस पछाडला जाणं, ही अवस्था सर्वसाधारण लोकांमध्ये साधारण २ टक्क्यांना असते. मानसिक आजारांच्या २०१३च्या डीएसएम-५ या वर्गीकरणात ती ओसीडीशी (मनात तेच तेच विचार येऊन तीच तीच कृती करायला लावणाऱ्या आजाराशी) संबंधित आजारांच्या गटात ठेवली आहे. तिची एक अट अशी, की दोष इतरांना दिसतच नसावा किंवा अगदी किरकोळ वाटावा. याच्याबाबत ती अट ओढूनताणूनच लावावी लागली असती. मात्र तपासणं, लपवणं, तुलना करणं ही सगळी वागणूक त्याच घराण्यातली होती. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत तो मध्यम पातळीवर होता. मरणाचे विचार येतात का हे स्पष्ट विचारलं. 'नाहीसं व्हावं' असं कधीतरी वाटायचं, योजना नव्हती. दिसण्याच्या चिंतेत बुडालेल्या माणसाला हा प्रश्न न विचारता पुढे जाऊ नये, कारण अशांत आत्महत्येचे विचार वाटतात त्याहून बरेच जास्त आढळतात. केसगळतीवरच्या फिनॅस्टराइडच्या गोळ्या घेतो का, तेही विचारलं, कारण त्यांनी काही पुरुषांत लैंगिक इच्छा कमी होऊ शकते. त्याने घाबरून त्या कधी सुरूच केल्या नव्हत्या. थोडक्यात, शरीराला दोष देऊन सुटता येण्यासारखं काही नव्हतं.

आता तिची बाजू, कारण हे प्रकरण खरं तर तिथे शिजलं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तो सारखा विचारायचा, "जास्त दिसतंय का?" ती म्हणायची, "अजिबात नाही." ते दिसत होतं हे त्यालाही कळत होतं, म्हणून त्याने अर्थ काढला: ही खोटं बोलते, म्हणजे फारच वाईट दिसत असणार. मग ती म्हणायला लागली, "दिसतं थोडं, पण मला चालतं." त्याने ऐकलं: ही चालवून घेते. शेवटी एकदा ती वैतागली, "पुन्हा तेच!" त्याला पुरावा मिळाला आणि त्याने विचारणं बंद केलं. तिच्या लेखी केसांचा विषय तिथे संपला. त्याच्या लेखी तो तिथून जमिनीखाली गेला. माझ्याकडे येईपर्यंत तिला मनापासून वाटत होतं, की ते जुनं खूळ होतं आणि गेलं.

तिने दिलेली तिन्ही उत्तरं प्रेमाचीच होती, म्हणून इथे तिला बोल लावता येत नाही. पण धीर मागण्याचा व्यवहारच असा असतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी १९७६मध्ये नैराश्याबद्दल मांडलं होतं, की खचलेला माणूस वारंवार आश्वासन मागतो, जवळचे आधी देतात, मग थकतात, आणि त्यांच्या थकव्यात त्याला नकार दिसतो. त्यात मानसशास्त्रज्ञ विल्यम स्वान यांचं निरीक्षणही जोडावं लागतं: स्वतःबद्दलचं मत वाईट असलं तरी माणूस त्याच्याशी जुळणारंच ऐकतो. स्तुती सांगणाऱ्यावरच मग संशय येतो. बायको जितकी गोड बोलेल तितकी ती अविश्वसनीय होत जाते.

तिची जुनी सवय होती, काही बघत बसलेले असताना त्याच्या केसांतून बोटं फिरवायची. विचारणं थांबवल्यानंतर तो त्या स्पर्शाने दचकून डोकं बाजूला घ्यायला लागला. मग अंधार झाल्याशिवाय जवळ यायचा नाही, नंतर अंधारातही नाही. लैंगिकतेचे संशोधक मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७०मध्ये शरीरसंबंधांतल्या एका अवस्थेचं वर्णन केलं आहे, ज्यात माणूस त्या क्षणात राहतच नाही, बाहेर उभं राहून स्वतःला बघत बसतो. तो नेमका तसा होता: तिच्या डोळ्यांना या कोनातून काय दिसत असेल, हा हिशेब चालू असताना इच्छा कुठून येणार?

तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की नवरा स्पर्शाने दचकतो, दिवा लावू देत नाही, फोन लपवतो. या तीन गोष्टींवरून कुणीही तेच अनुमान काढलं असतं. 'मी त्याला नकोशी झालेय.' आणि तिने आरशासमोर उभं राहून कारण शोधायला सुरुवात केली: पोट, दंड, हनुवटीखालचं. वजन कमी करायच्या नादात ती अर्धपोटी राहत होती, हे मला तिच्या स्वतंत्र भेटीत कळलं. एका घरात दोन आरसे झाले होते, आणि दुसरा पहिल्यातून निघाला होता. दिसण्याचा न्यूनगंड ज्याचा त्यालाच छळतो असं आपण धरून चालतो. जोडप्यांत तो फार सहज दुसऱ्याकडे जातो, कारण लपणाऱ्या माणसाकडे पाहताना समोरच्याला लपण्याचं कारण दिसत नाही, फक्त पाठ दिसते.

आणि ते हसणं? 'दुसरी कुणी आहे का' या प्रश्नावर तो हसला, कारण त्याच्या मनात आलं, 'अगं, मला कोण विचारणार!' तिला ते कुत्सित वाटलं होतं.

फोल्डर तिला दाखवायचा निर्णय त्याचा होता. एकत्र भेटीत त्याने फोन तिच्या हातात दिला. शेकडो फोटो, सगळे एका डोक्याचे. ती आधी हसली, मग रडली, आणि मग भडकली. "दोन वर्षं मी स्वतःला कुरतडतेय, आणि तू इथे टाळू मोजत होतास?" तो लगेच माफी मागायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. तिच्या रागाला पुरेशी जागा मिळायला हवी होती. उलगडा झाला म्हणून भरपाई होत नसते.

उपचारातलं पहिलं काम तपासणी कमी करण्याचं होतं. केस मोजणं पूर्ण बंद. फोटो महिन्यातून एकदा, एकाच जागी, एकाच उजेडात, आणि तो त्वचारोगतज्ज्ञांसाठी. औषधाचा परिणाम कळायला तेवढी नोंद खरोखर लागते, म्हणून ती ठेवली. बाकी फोल्डर त्याने पुसलं. पहिले काही दिवस बेचैनी वाढली, तशी ती वाढतेच.

आश्वासनाबद्दल दोघांत करार झाला. त्याने विचारलं तर ती उत्तर देणार नाही. म्हणेल, "याचं उत्तर मी देत नाही, पण मी इथेच बसलेय." तिला हे निर्दयपणाचं वाटत होतं. तिने आपणहून कौतुक केलं तर त्याने वाद न घालता 'थँक्यू' म्हणायचं, एवढीच त्याची बाजू. सोपं वाटतं, पण त्याला सर्वात जड हेच गेलं. दरम्यान एका नातेवाइकाने त्याला रोज आरशासमोर 'मी देखणा आहे' असं म्हणायला सांगितलं होतं. मी ते थांबवायला सांगितलं. जोअ‍ॅन वूड आणि सहकाऱ्यांच्या २००९मधल्या अभ्यासात, स्वतःबद्दल आधीच वाईट मत असलेल्यांना अशी गोड वाक्यं म्हटल्यावर उलट जास्त वाईट वाटलेलं आढळलं. मनात लगेच प्रतिवाद उभा राहतो, आणि प्रतिवाद करण्यात हा माणूस मुरलेला होता.

मग प्रयोग. ऑफिसच्या बैठकीत टोपीशिवाय, दिव्याखालच्या खुर्चीत बसायचं, पण त्याआधी लिहून ठेवायचं की किती जण बघतील आणि काय म्हणतील. त्याने लिहिलं होतं, निम्मे तरी बघतील. हा आकडा मला ओळखीचा वाटला. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात, अवघडवाणं चित्र असलेला टी-शर्ट घालून खोलीत गेलेल्या विद्यार्थ्यांनाही जवळपास निम्म्या लोकांनी तो पाहिला असं वाटलं होतं, प्रत्यक्षात चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांच्या तो लक्षात आला. त्याच्या बैठकीत एकानेच विचारलं, "आज टोपी नाही?" म्हणजे इतकी वर्षं लोकांच्या लक्षात राहत होती ती टोपी.

सगळे प्रयोग असे गोड निघाले नाहीत. एका कनिष्ठाने खरोखरच टकलावरून विनोद केला आणि ती संध्याकाळ वाईट गेली. पण तो दुसऱ्या दिवशीही टोपीशिवाय गेला. मला तो दिवस आधीच्या यशापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण कुणाच्याच लक्षात येणार नाही ही हमी आम्ही त्याला कधी दिलीच नव्हती.

स्पर्शाचं काम सावकाश चाललं. तिने हात त्याच्या डोक्यावर नुसता ठेवायचा, फिरवायचा नाही, आणि कधी काढायचा ते त्याने सांगायचं. सुरुवातीला तो लगेच सांगायचा. पुढे कधीतरी सांगायचं विसरायला लागला.

शेवटच्या टप्प्यात पीएचक्यू-९चे गुण सौम्य पातळीवर आले होते. मिनॉक्सिडिल तो नेमाने लावत होता आणि गळती मंदावली होती, तरी केस पहिल्या भेटीपेक्षा विरळच होते. त्याला ते आवडत नाही, आणि आवडावं असा आमचा आग्रहही नव्हता. मोठ्या समारंभात तो अजून मागच्या रांगेत उभा राहतो. तिने स्वतःसाठी वेगळ्या भेटी सुरू केल्या. जेवण पूर्ववत झालं, पण त्याचा फोन वाजला की तिच्या पोटात अजून कळ येते. त्याची लाज जितक्या लवकर ओसरली तितक्या लवकर तिचा विश्वास परतला नाही. तो बरा होत गेला तशी तिची चिडचिड काही काळ वाढलीच होती.

आता त्याला हेअर ट्रान्सप्लांट करून घ्यायचं आहे. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरमध्ये अशा प्रक्रियांनी बहुधा समाधान मिळत नाही, काळजी दुसऱ्या अवयवावर सरकते. पण त्याच्याबाबत ते निदान आम्ही केलेलं नव्हतं. शिवाय केस हवेसे वाटणं हा आजार नाही, त्यामुळे मी नको म्हटलं नाही. ठरलं ते असं: सहा महिने तपासणी आटोक्यात राहिली तरच सल्ला घ्यायला जायचं, आणि शस्त्रक्रियेनंतर काय बदलेल आणि काय बदलणार नाही याच्या दोन याद्या आधी लिहायच्या. दुसरी यादी तिने लिहायला घेतली आहे. तिची अट एकच: कुठून किती केस घेणार, रेषा कुठे येणार, कसं दिसेल, हे सगळं त्याने डॉक्टरांना विचारायचं, तिला नाही.